कृतज्ञ म्हणजे केलेलें जाणणारा



आपल्या भाषेंत 'कृतज्ञ' आणि 'कृतघ्न' असे दोन शब्द आहेत. दोहोंचा आरंभ एकच; 'कृत', म्हणजे जें केलें गेलें तें. पुढें मात्र वाटा फुटतात. 'ज्ञ' म्हणजे जाणणारा आणि 'घ्न' म्हणजे नाश करणारा. यावरून पाहतां, आपल्यासाठीं दुसऱ्यानें जें केलें तें जो जाणतो तो कृतज्ञ. आणि तें जो मनांतून पुसून टाकतो, जणूं कांहीं घडलेंच नाहीं असें वागतो, तो कृतघ्न. या फोडीवरून एक गोष्ट सहज ध्यानांत येते ती ही कीं, कृतज्ञता हा केवळ मनाचा उमाळा नव्हे. तिच्या मुळाशीं ज्ञान आहे. दुसऱ्यानें काय केलें हें ज्याला ठाऊकच नाहीं, त्यानें शंभर वेळां आभार मानले तरी ते ओठांवरचेच राहणार.

हा शब्दार्थ आज सांगण्यास आपल्याच शाळेंतील एक प्रसंग कारण झाला आहे. दरवर्षीं १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या निमित्तानें गेल्या वर्षीं एका वर्गांत मीं अग्निशमन दलाविषयीं चार शब्द सांगितले व शेवटीं म्हणालों, "या लोकांचे आपण ऋणी असलें पाहिजे." तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "पण सर, त्यांना त्या कामाचा पगार मिळतो ना?" वर्गांत थोडा हंशा पिकला. मुलगा उद्धट नव्हता. त्याला खरोखरीच शंका होती. मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली, इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली. परंतु माझें उत्तर माझें मलाच पटलें नव्हतें. जें उत्तर तेव्हां देतां आलें नाहीं तें या पानांतून देण्याचा हा यत्न आहे.

प्रथम १४ एप्रिल हाच दिवस कां, तें पाहूं. १९४४ सालीं दुसरें महायुद्ध चालूं होतें. 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें एक मालवाहू जहाज इंग्लंडहून कराचीमार्गें येऊन मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत लागलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १४०० टन दारूगोळा व स्फोटक द्रव्यें होतीं. शिवाय कापसाच्या हजारों गासड्या, तेलाचीं पिंपें, लांकूड आणि सोन्याच्या विटा होत्या. त्या महिन्याच्या १४ तारखेस दुपारीं, जेथें कापूस भरला होता त्या कोठारांतून धूर निघतांना दिसला. बंब आले. जवानांनीं जहाजावर चढून पाण्याच्या नळ्या आंत सोडल्या. शेंकडों टन पाणी ओतलें तरी आग विझेना. जहाजावर दारूगोळा आहे ही गोष्ट दलास कळून चुकली होती. तरीही पाण्याचा मारा अगदीं शेवटपर्यंत चालूंच राहिला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, व त्यानंतर सुमारें अर्ध्या तासानें दुसरा, त्याहून मोठा. जहाजाच्या चिंधड्या उडाल्या. जळता कापूस व तापलेलें लोखंड यांचा गोदीलगतच्या वस्तीवर पाऊस पडला. आठशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. मृतांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

युद्धाचे दिवस असल्यामुळें या दुर्घटनेची बातमी सरकारनें कांहीं आठवडे वृत्तपत्रांत येऊं दिली नाहीं. पुढें ती सर्वांस कळली. परंतु कळणें आणि जाणणें यांत फरक आहे. आजही त्या स्फोटाची गोष्ट निघाली कीं, लोकांना पहिल्यानें आठवतात त्या सोन्याच्या विटा! कोणती वीट कोठें जाऊन पडली, गाळ उपसतांना कोणाला कधीं सांपडली, हें मोठ्या रसानें सांगितलें जातें. त्या ६६ जणांपैकीं एकाचें तरी नांव कितीजणांच्या तोंडीं आहे? भायखळ्यास दलाच्या मुख्य ठाण्यांत त्यांचें स्मारक आहे. आपल्यापैकीं पुष्कळजण त्या रस्त्यानें नेहमीं ये-जा करितात. पण आपण रोज ज्या दारावरून जातों, त्या दाराच्या आंत काय आहे हें पाहण्याची बुद्धि आपल्याला क्वचितच होते.

असो. मोठ्या शौर्याची गोष्ट ऐकून ऊर भरून येणें एक वेळ सोपें असतें. रोजचें काम जाणणें त्याहून अवघड, कारण तें रोजचें असतें. म्हणून त्या कामाची थोडी माहिती करून घेऊं.

आगींत सांपडलेलीं माणसें पुष्कळदां ज्वाळेनें नव्हे, तर धुरानें दगावतात. तापलेला धूर हलका होऊन वर चढतो, छत गांठतो व तेथून थराथरानें खालीं उतरूं लागतो. त्यामुळें जमिनीलगत थोडी श्वास घेण्याजोगी हवा बराच वेळ शिल्लक राहते. म्हणूनच, धुरांत सांपडल्यास उभ्यानें धांवूं नये. ओणवें होऊन, सरपटत दाराकडे जावें. आतां त्याच खोलींत बाहेरून शिरणाऱ्या जवानाचा विचार करा. त्याला स्वतःचा हातही दिसत नाहीं. एका हातानें भिंत चांचपीत, दुसऱ्या हातानें खाटेखालीं, कपाटामागें, मोरींत कोणी आहे कीं काय तें शोधीत तो पुढें सरकतो. कारण भ्यालेलीं मुलें दाराकडे न जातां बहुधा कोठेंतरी लपून बसतात. त्याच्या पाठीवर दाबून भरलेल्या हवेचें नळकांडें असतें. कष्टाच्या कामांत तें सुमारें अर्धा तास पुरतें. तेवढ्यांतच आंत जावयाचें, शोधावयाचें, व परत यावयाचें. हवा संपत आल्याचा इशारा झाला आणि पलीकडच्या खोलींतून कोणाचा आवाज आला, तर त्या क्षणीं काय करावें, हा हिशेब त्याचा त्यालाच करावा लागतो.

जुन्या इमारतींत आणखी एक भय असतें. आगीनें लांकडी तुळया आंतून पोखरल्या जातात आणि वरून धड दिसणारा मजला केव्हां खालीं येईल याचा नेम राहत नाहीं. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील एका जुन्या इमारतीस आग लागली. त्या आगीच्या दुर्घटनेंत दलाच्या चार अधिकाऱ्यांनीं आपले प्राण गमावले. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेही होते. मागच्या बांकावरील माझ्या त्या विद्यार्थ्यास मी येथें एकच गोष्ट विचारतों. दलाच्या प्रमुखानें दूर उभें राहून नुसते हुकूम सोडले असते, तरी महिनाअखेर त्याच्या पगारांत एक रुपया तरी कमी झाला असता काय?

परंतु प्रत्येक दिवस असा नसतो, आणि नसावा हेंच बरें. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्यांत पाय अडकून झाडावर लोंबकळणाऱ्या पांखरास सोडविण्यासाठींही हेच जवान शिडी घेऊन येतात. पावसाळ्यांत उन्मळून पडलेलें झाड तोडून रस्ता मोकळा करितात. अडकलेल्या लिफ्टचें दार उघडेपर्यंत आंतल्या मुलाशीं दाराच्या फटींतून बोलत राहतात, त्याचें नांव विचारतात, शाळा विचारतात, म्हणजे त्याचें भय कमी व्हावें. या कामांना कोणी पदक देत नाहीं, व वृत्तपत्रांत त्यांची ओळही छापून येत नाहीं. अशा एका लहानशा कामाची गोष्ट, माझ्या घरांत घडलेली म्हणूनच, आतां सांगतों. तींत माझाही एक अपराध आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं, जुलै महिन्यांत, पहांटे तीनच्या सुमारास माझी आई न्हाणीघरांत घसरून पडली. तिचें वय तेव्हां ब्याऐंशी होतें. आम्ही एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतों. जिना लांकडी, अरुंद आणि वळणावळणाचा. आईला उठवेना. मांडीचें हाड मोडलें असावें हें तिच्या कण्हण्यावरूनच कळत होतें. मीं १०८ क्रमांकास फोन केला. ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यांत २०१४ सालीं सुरू झाली. आरंभीं राज्यासाठीं तिच्या ९३७ गाड्या होत्या. माझा आवाज कांपत होता. पलीकडून अगदीं शांतपणें विचारलें गेलें, पत्ता काय, जवळची खूण कोणती, आजारी माणूस शुद्धीवर आहे का. त्या शांतपणानेंच मला अर्धा धीर आला.

भर पावसांत गाडी आली. एक तरुण डॉक्टर व एक चालक, दोघेच. डॉक्टरांनीं आईच्या पायास आधाराची पट्टी बांधली. परंतु जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. चालकानें इकडेतिकडे पाहिलें, आमची लांकडी खुर्ची पुढें ओढली, आईला तींत अलगद बसविलें व चादरीनें बांधलें. खुर्चीची पाठ त्यानें धरली. पुढची बाजू डॉक्टरांनीं व मीं. पहिल्याच पायरीला आई कळवळली. तेव्हां तो चालक वांकून तिला म्हणाला, "आजी, या जिन्याला अठराच पायऱ्या आहेत. मी येतांना मोजल्यात. चला, एक झाली." मग दोन, मग तीन. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोंचतों तों आई कण्हावयाची थांबून त्याच्याबरोबर पायऱ्या मोजूं लागली होती.

खालीं गाडींत ठेवल्यावर आईनें डोळ्यांकडे हात नेला व विचारलें, "माझा चष्मा?" चष्म्याशिवाय तिला कांहींच दिसत नसे. मी भिजलेला, घाबरलेला, जरा तुटकपणेंच बोललों, "आई, आतां चष्मा कशाला?" चालकानें मात्र मलाच विचारलें, "कुठं ठेवलाय?" आणि मी कांहीं म्हणण्यापूर्वीं तो तीन मजले चढून गेला, चष्मा घेऊन आला, आपल्या सदऱ्याच्या कोरड्या टोंकानें त्यावरचें पाणी पुसलें आणि आईच्या डोळ्यांवर लावला. "आजींना नव्या जागीं जायचंय. कुठं आलों तें दिसायला नको का?" एवढेंच तो बोलला. त्याच्या मनांत काय होतें तें मला पुढें उमगलें. डॉक्टरांनीं नाडी व रक्तदाब पाहून धोका नसल्याचें सांगितलें होतें. मोडलेल्या हाडाला त्या दोन मिनिटांनीं फरक पडणार नव्हता. भेदरलेल्या म्हातारीला पडणार होता.

रुग्णालयांत कागदपत्रें भरून मी मागें वळून पाहतों तों गाडी निघून गेली होती. मीं त्याचें नांवही विचारलें नव्हतें.

आई बरी झाली. काठी घेऊन घरांतल्या घरांत चालूं लागली. रोज सकाळीं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवितांना ती मधूनमधून विचारी, "त्या पोराला जाऊन सांगितलंस का रे, मी चालते म्हणून?" मी म्हणे, "जाईन, पुढच्या रविवारीं." परीक्षा आल्या, उत्तरपत्रिका आल्या, पुष्कळ रविवार गेले. पुढच्या फेब्रुवारींत आई गेली. जिचा निरोप घेऊन जावयाचें तीच राहिली नाहीं, तेव्हां मला जाण्याची बुद्धि झाली.

ती गाडी जेथें उभी असते तेथें मी गेलों. चौकशी करतां तो चालक भेटला. त्याला आई आठवेना. दिवसाकाठीं किती माणसें तो उचलीत असेल! मग मीं चाळ सांगितली. तेव्हां तो एकदम म्हणाला, "तो वळणाचा जिना? खुर्चीवरून उतरवलेल्या आजी? कशा आहेत?" मला सांगावें लागलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं झालं सांगायला आलात. ओढाताणीच्या वेळीं आम्हीच असतों. पण आम्ही दारापर्यंत पोहोंचवतों, आणि पुढं त्या माणसाचं काय झालं तें आम्हांला कोणी येऊन सांगत नाहीं."

मित्रहो, हें वाक्य मीं तेव्हांपासून मनाशीं जपून ठेविलें आहे. आपण त्यांचें काम जाणत नाहीं, इतकेंच नव्हे. त्यांच्या कामाचें फळ काय झालें हें त्यांनाही आपण जाणूं देत नाहीं. ज्याला त्यानें उचलिलें तो जगला कीं नाहीं, चालूं लागला कीं नाहीं, हें ठाऊक नसतांना तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां गाडींत बसतो आणि तितक्याच हळुवारपणें दुसऱ्याच्या आईला जिन्यावरून उतरवितो. कृतज्ञतेंतील 'जाणणें' हें असें दुहेरी आहे. केलेलें आपण जाणावें, आणि करणाऱ्यासही त्याचें फळ जाणवून द्यावें.

आपल्या शाळेंत सर्वांच्या परिचयाची एक गोष्ट आहे. दहा कोडी बरे झाले, आणि उपकार मानण्यासाठीं मागें वळला तो एकच, तोही परका. बाकीचे नऊजण दुष्ट होते असें त्या गोष्टींत म्हटलेलें नाहीं. कदाचित् तेही मनांतल्या मनांत कृतज्ञ असतील, घरच्या ओढीनें पुढें गेले असतील, पुढच्या रविवारीं येऊं असें म्हणाले असतील. मीही त्या नवांपैकींच एक होतों. मनांत कृतज्ञ असणें आणि मागें वळून चार पावलें चालणें, यांमध्यें किती अंतर असतें हें मला आईच्या मृत्यूनें शिकविलें.

आतां पगाराच्या प्रश्नाकडे येऊं. पगार मिळतो, व तो मिळालाच पाहिजे. किंबहुना जें काम इतकें जोखमीचें त्याचा मोबदला वेळेवर व पुरेसा मिळावा अशी काळजी समाजानें वाहणें हाही कृतज्ञतेचाच भाग आहे. परंतु पगारानें मिळते ती हजेरी. ठराविक वेळीं ठराविक ठिकाणीं येणें, ठरलेलें काम करणें, एवढें वेतनाच्या करारांत बसतें. पायऱ्या मोजून सांगणें त्यांत बसत नाहीं. चष्म्यासाठीं तीन मजले पुन्हां चढणें त्यांत बसत नाहीं. कर्तव्याच्या कांठोकांठ भरलेल्या मापावरून जें ओसंडून वाहतें, तें मोजण्याचें नाणें कोणत्याही टांकसाळींत पाडलेलें नाहीं. त्याची फेड कृतज्ञतेनेंच होते. आणि आपण ती केली नाहीं, तर तें ऋण तसेंच राहतें.

ही फेड कशी करावी? केवळ सप्ताहांत हार घालून नव्हे. पहिली गोष्ट, वाट देणें. घंटा किंवा भोंगा वाजवीत येणाऱ्या बंबाला वा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास २०१९ सालच्या मोटार वाहन कायद्यांतील सुधारणेनें १०,००० रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा सांगितली आहे. दंडाच्या भयानें वाट देणारा कायदा पाळतो; त्या गाडींत कोणाची तरी आई आहे हें जाणून वाट देणारा कृतज्ञता पाळतो. पालकांस माझी नम्र विनंती आहे कीं, मुलें गाडींत मागें बसून आपलें वागणें पाहत असतात. शाळेंतल्या दहा व्याख्यानांपेक्षां तें त्यांना अधिक शिकवितें.

दुसरी गोष्ट, चाळीच्या तोंडाशीं, गल्लींत, जिन्याखालीं वाहनें व अडगळ न ठेवणें. बंब गल्लीच्या तोंडाशीं पोहोंचून आंत शिरूं न शकणें यासारखें दुर्दैव नाहीं. तिसरी, १०१, १०८ व ११२ हे क्रमांक लहान भावंडांसही पाठ करून देणें, आणि फोनवर पत्ता व जवळची खूण स्पष्ट सांगण्याचा घरीं सराव करणें. गंमत म्हणून यांपैकीं एकही क्रमांक कधीं फिरवूं नये. आपली गंमत चालली असतां दुसऱ्या कोणाची हांक अडून राहते. चौथी, अपघाताच्या जागीं गर्दी न करणें व छायाचित्रें काढण्यासाठीं पुढें न घुसणें. आणि शेवटची, जी मीं उशिरां केली ती: ज्यानें आपलें काम केलें त्याच्याकडे परत जाऊन 'माणूस बरा आहे' एवढें सांगणें. जातां आलें नाहीं तर पोस्टकार्डही चालेल. दोन ओळी पुरेत.

मागच्या बांकावरील माझ्या मित्रा, तुझा प्रश्न चांगला होता. त्यानें मला विचार करावयास लाविलें, याबद्दल मी तुझाही कृतज्ञ आहें. आणि तुझ्या प्रश्नाचें पुढें काय झालें हें तुला कळावें, म्हणूनच हा लेख लिहिला आहे.